गुन्हे वाढले तो ऑक्टोबर

आमच्या बेल्डन काउंटीत चोर नाहीत असं कोणी म्हटलं की मी आता मान खाली घालून कॉफी ढवळत बसते. चोर आहेत. दर रविवारी चर्चच्या तळघरात मी त्यांच्याच टेबलाला बसते. त्यातल्या एकीने माझ्या मुलीच्या लग्नाचा केक केला होता.

मी आर्लिस क्वाम. शेरीफच्या कचेरीत वीस वर्षं मी फोन घेतले, वायरलेस सांभाळला, कोठडीत कोणी असलाच तर त्याला जेवू घातलं, आणि दर महिन्याला काउंटीतल्या गुन्ह्यांचे आकडे राजधानीला, बिस्मार्कला, कळवले. खून, दरोडा, घरफोडी, चोरी, वाहनचोरी अशा ओळी असायच्या आणि प्रत्येकीपुढे मी शून्य ठोकायची. तितरांच्या शिकारीला आलेल्या बाहेरच्या माणसाने काही उपद्व्याप केलाच तर एखादा एक. शून्य टंकायला डोकं लागत नाही. मी ते बहिणीशी फोनवर बोलता बोलता करायची.

त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात बिस्मार्कहून एक जाडजूड पुस्तक आलं. नॉर्थ डकोटातल्या गुन्ह्यांचा पन्नास वर्षांचा इतिहास, प्रत्येक काउंटीचं एक पान, प्रत्येक पानावर एक रेघ. पश्चिमेकडे तेल लागलं तिथे रेघ वर उसळलेली, तेल संपलं तिथे बसलेली. शेतमालाचे भाव पडले त्या वर्षांत डिझेलच्या आणि धान्याच्या चोऱ्या वाढलेल्या. आमच्या पानावरची रेघ मात्र पन्नास वर्षं जमिनीला चिकटून झोपली होती. मी ते पान शेरीफला दाखवलं. व्हर्लिन हाउगस्टाडने चष्मा चढवला, पान पाहिलं आणि म्हणाला, "हं." आनंद झाला की तो तेवढंच म्हणतो. दुःख झालं तरी तेवढंच.

तेच पान लॉइड ब्रान्डवोल्डने पाहिलं आणि आमच्या पाठीमागे शुक्लकाष्ठ लागलं.

लॉइड म्हणजे काउंटीच्या मंडळाचा अध्यक्ष. मंडळात तीनच जण: लॉइड, ऑर्फा सुंडीन आणि मिल्टन फेट्झर. ऑर्फाला स्वतःचं मत असतं. मिल्टनला शेवटी जो बोलला त्याचं मत असतं. लॉइड वाईट माणूस नाही, पण काटकसर हा त्याचा देव, आणि शाळा बंद करून झाल्यापासून त्या देवाला नैवेद्य मिळाला नव्हता. तो पुस्तक काखोटीला मारूनच कचेरीत आला.

"जिथे कोणी आजारी पडत नाही तिथे दवाखाना कशाला, आर्लिस?" त्याने मला विचारलं. "शेजारच्या काउंटीचा शेरीफ आपलंही बघेल. नोव्हेंबरच्या बैठकीत मत घेऊ."

"तो पन्नास मैलांवर आहे, लॉइड."

"शून्य गुन्ह्यांना पन्नास मैल काही लांब नाहीत."

आता माझं काय, नवऱ्यामागे शेत खंडाने दिलेलं आहे, मी उपाशी मेले नसते. पण व्हर्लिन कोर्टाच्या इमारतीला चिकटून असलेल्या शेरीफच्या घरात तीस वर्षं राहत होता. घर नोकरीबरोबरचं. नोकरी गेली की घर गेलं. बायको, इंगा, टेकडीवरच्या दफनभूमीत. मुलगी ॲरिझोनात, ती कधीची बोलावत होती. व्हर्लिन एकसष्ट वर्षांचा. हिवाळ्यात भल्या सकाळी उठून शेजारणींच्या दारातला बर्फ काढल्याशिवाय त्याला न्याहारी गोड लागत नाही. तो माणूस त्या निवडुंगांत जाऊन काय काढणार होता? मला लॉइडचा इतका राग आला की त्या संध्याकाळी मी गाजराची साल काढता काढता अर्धं गाजर कचऱ्यात टाकलं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर तळघरात मी विषय काढला. व्हर्लिन तेव्हा बाहेर म्हाताऱ्यांना मोटारी काढून देत होता.

"गुन्हे हवेत," मी म्हणाले. "महिन्याभरात."

सगळे कपांत बघायला लागले. मग लीरॉय टोफ्ट म्हणाला, "मी खिडकी फोडतो एखादी."

"कोणाची?"

"माझी. गोठ्याची. तशी ती बदलायचीच आहे."

"स्वतःची खिडकी फोडणं गुन्हा नाही, लीरॉय. दुसऱ्याची फोड."

"दुसऱ्याची कशी फोडू? त्याला विचारावं लागेल ना आधी."

मी कपाळावर हात मारला. "बरं, गुन्हे करू नका. पण इतक्या वर्षांत कोणाचं काही चोरीला गेलंच असेल. ते येऊन सांगा."

हे मी बोलायला नको होतं. आमच्याकडे माणूस गाय गमावेल, पण ती शेजाऱ्याने नेली असं तोंडातून काढणार नाही. तक्रार करायची म्हणजे कोणाकडे तरी बोट दाखवायचं, आणि मग त्याच माणसाच्या शेजारी बसून बायबल वाचायचं. क्लॅरिस ऑस्टबीने रुबार्बच्या आंबटगोड देठांच्या वड्यांचं ताट मुकाट्याने पुन्हा एकदा सगळ्यांपुढून फिरवलं. विषय तिथेच मिटला असता, पण तिचे सासरे, ऐंशीचे सेल्मर, टेबलाच्या टोकाला बसले होते. ते म्हणाले, "गेलेलं सांगता येत नसेल, तर नेलेलं सांगता येईल की."

सोमवारी मी कचेरी उघडली तेव्हा सेल्मर दारात उभे होते. रविवारचा कोट घालून.

"एक चोरी लिहून घे."

"तुमचं काय गेलं?"

"माझं कशाला जाईल? शेजारच्या आर्डेलचं गेलं. खांबांचे खड्डे पाडायचं मोठं गिरमिट."

"कोणी नेलं?"

"मीच. त्याचं कोठार जळलं त्या वर्षी."

"म्हणजे शहात्तर साली. सेल्मर, सतरा वर्षं झाली."

"मग? जास्त झाली की गुन्हा शिळा होतो का?"

त्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी बिस्मार्कला फोन लावला. तिथे कर्टिस नावाचा एक तरुण आकडे घ्यायचा. तो म्हणाला, खटला नाही भरता येणार, मुदत उलटली. पण पोलिसांना ज्या महिन्यात कळलं त्या महिन्याच्या आकड्यात धरायचं, असा नियम आहे. मी फोन ठेवला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा चोरीच्या ओळीपुढे आनंदाने एक टंकला.

बुधवारपर्यंत बाकावर बसायला जागा उरली नाही. लीरॉयने धान्याच्या कोठीसमोरून आपली समजून दुसऱ्याची निळी पिकअप नेली होती. चूक त्याच दिवशी कळली, पण ती गाडी चढावर बरी चढायची म्हणून त्याने आठवडाभर चालवली. वाहनचोरी, एक. क्लॅरिसने चर्चचा लेफ्से, म्हणजे नाताळच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, भाजायचा तवा घरी नेला होता, कारण तिच्या मते चर्चमधल्या बायका तो जाळत होत्या. एका गृहस्थाने, नाव सांगत नाही, शेजाऱ्याचा जातिवंत वळू एका रात्रीपुरता आपल्या गाईंत सोडून घेतला होता. ही कुठली चोरी धरायची हे कर्टिसलाही सांगता आलं नाही. "माल परत केला का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "केला, पण थोडा दमलेला." एरवी चोराच्या उलट्या बोंबा असतात म्हणतात. आमचे चोर बोंबही हळू आवाजात मारत होते, टोपी हातात घेऊन.

आर्डेलला गिरमिटाचं कळल्यावर त्याने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. मग म्हणाला, "मी बायकोला दोष दिला होता वर्षभर. दोन महिने दिसेना आणि एका सकाळी भिंतीला टेकून उभं. मला वाटलं हिनेच कुठेतरी ठेवलं होतं." त्याने घरी जाऊन तिची माफी मागितली. सेल्मरवर तो रागावला नाही.

ती "एका सकाळी भिंतीला टेकून" गोष्ट मला खटकली. कारण लीरॉयने नेलेली पिकअपसुद्धा एका सकाळी जागच्या जागी उभी होती, टाकी भरलेली. तवासुद्धा एका सकाळी चर्चच्या पायरीवर होता. नेलेलं परत केलं नाही असा एकही चोर माझ्याकडे आला नव्हता.

"परत का केलंत मग?" मी बाकाकडे बघून विचारलं.

बाकावर टोप्या हातात फिरायला लागल्या. शेवटी क्लॅरिस म्हणाली, "व्हर्लिन कॉफीला आला होता."

"कधी?"

"तवा नेल्यावर आठवड्याने. बसला. दोन वड्या खाल्ल्या. म्हणाला, चर्चच्या बायकांना यंदा नाताळला लेफ्से करता येणार नाही असं दिसतंय, वाईट वाटतं. बस्स. तव्याचं नावही नाही. मला रात्रभर झोप नाही आली."

"माझ्याकडेही आला होता," लीरॉय म्हणाला. "म्हणाला, निळ्या गाड्या फार झाल्यात काउंटीत, माणूस गोंधळतो."

"माझ्याशी जमिनीतल्या दंवाबद्दल बोलला," सेल्मर म्हणाले. "हाताने खड्डे खणायचे म्हणजे आर्डेलची पाठ जाईल, म्हणाला."

बाकावरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. घरोघरी मातीच्या चुली, पण प्रत्येकाला वाटत होतं की धूर आपल्याच घरात निघतो. जो तो इतकी वर्षं समजत होता की शेरीफ फक्त आपल्यालाच ओळखून आहे. क्लॅरिस तर दुखावलीच. "मला वाटायचं त्याला माझ्या वड्या आवडतात," ती म्हणाली.

मी व्हर्लिनच्या खोलीचं दार लोटून आत गेले. "तुला हे सगळं माहीत होतं?"

त्याने टेबलावरचे कागद नीट रचले.

"वीस वर्षं मी इथे बसले आहे. मला एका शब्दाने कधी सांगितलं नाहीस."

"तू टंकून पाठवलं असतंस, आर्लिस," तो म्हणाला.

मी असंच केलं असतं, त्यामुळे मला अधिकच राग आला. पण जागेवर परत येऊन बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की जी रेघ मी नुसती झोपलेली समजत होते, तिला हा माणूस तीस वर्षं रोज जाऊन झोपवत होता. मी शून्य टंकायची आणि तो ते शून्य करत फिरायचा, आणि लॉइडला वाटत होतं की शेरीफ रिकामा बसतो. मला रडू आलं, ते मी नाक शिंकरण्यात दडपलं.

ऑक्टोबर संपला. आकडे गेले. आता बिस्मार्कची रीत अशी की लाख माणसांमागे किती गुन्हे ते काढायचं. आमच्याकडे माणसं जेमतेम तेराशे. तीन-चार डझन चोऱ्यांना लाखाचं माप लावलं तेव्हा बेल्डन काउंटी अख्ख्या राज्यात पहिली आली, फार्गोसारख्या मोठ्या शहराच्याही वर.

कर्टिसचा फोन आला. "बाई, तिकडे दंगल वगैरे चालू आहे का?"

"नाही रे. पिकं घरात आली. लोकांना वेळ मिळाला."

मला वाटलं, जिंकलो. नोव्हेंबरच्या बैठकीला कोर्टाची वरची खोली भरून गेली होती. वृत्तांत लिहायला मी टेबलाशी होते. लॉइडने चष्मा पुसला, कागद वर धरला आणि म्हणाला, "सप्टेंबरात मी म्हणालो होतो की शेरीफला काम नाही. मी चुकलो. राज्यात सर्वांत जास्त गुन्हे आपल्याकडे आहेत. हे एकट्या, एकसष्ट वर्षांच्या माणसाला आवरणारं काम नाही. शेजारच्या काउंटीकडे सहा माणसं आहेत. आता तर त्यांच्याकडे दिलंच पाहिजे."

मिल्टनने मान डोलावली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात व्हर्लिनचा, दाखवणारी मी. गुन्हे कमी म्हणून नको आणि जास्त म्हणूनही नको, तर त्या माणसाने करायचं तरी काय?

"पण सगळे गुन्हे उघडकीला आलेत, लॉइड," ऑर्फा म्हणाली. "शेजारच्या रकान्यात बघ. एकही शिल्लक नाही."

"चोर स्वतः चालत आले. त्यात शेरीफने काय केलं?" लॉइड व्हर्लिनकडे वळला. तो मागे, खिडकीशी उभा होता. "तूच सांग, व्हर्लिन. यातलं तुला काही माहीत होतं का?"

तेव्हा मला त्यातला पेच कळला. नाही म्हणाला तर आंधळा शेरीफ. हो म्हणाला तर तीस वर्षांचे आकडे खोटे, आणि कर्तव्यात कसूर. मी मनात म्हणत होते, नाही म्हण, एकदा तरी खोटं बोल. पण ती विद्या त्याला कोणी शिकवलेली नाही.

"माहीत होतं," व्हर्लिन म्हणाला.

"किती?"

"सगळं."

ऑर्फाने पेन्सिल खाली ठेवली.

"मग पकडलं का नाहीस?" लॉइडचा आवाज चढला. "कळवलं का नाहीस?"

व्हर्लिनला जास्त बोलायचं म्हणजे आधी ओठ ओले करावे लागतात. त्याने केले. "वस्तू परत गेल्या. नेणारा शेजारी राहिला. कळवलं असतं तर वस्तू परत गेली असती आणि शेजार गेला असता. इथे माणसं मोजकी आहेत, लॉइड. एकही वाया घालवायला नाही."

"हे तू ठरवायचं?"

"कोणीतरी ठरवायला हवं होतं. शेरीफ मी होतो."

लॉइडने कागद टेबलावर आपटले. तो आता पुरता तापला होता, आणि तापलेला माणूस नको तो प्रश्न विचारतो. "आणि अजून किती आहेत? जे आले नाहीत, पण तुला माहीत आहेत?"

"आहेत."

"कोण?"

व्हर्लिन लॉइडकडे बघत होता. रागाने नाही, कौतुकानेही नाही, दाराशी उभा राहून आपण आभाळ बघतो तसं. बघता बघता लॉइडची मान लाल झाली, मग कान. खोलीतल्या इतरांना वाटलं तो चिडलाय. मी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते, मला दिसलं की तो चिडलेला नाही.

"कोण ते सांगणार नाहीस," लॉइड हळूच म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

"नाही."

"इथेही नाही? नोकरी गेली तरी?"

"नोकरीच ती आहे," व्हर्लिन म्हणाला.

लॉइडने चष्मा काढला. किती वेळ तो काचा पुसत राहिला कोण जाणे, ऑर्फाने शेवटी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. त्याने तो घेतला नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आर्लिस, लिही. अध्यक्ष प्रस्ताव मागे घेत आहेत."

"मग मी मत कशाला देऊ?" मिल्टनने विचारलं.

"जेवायला जायला दे," ऑर्फा म्हणाली, आणि ते एकमताने मंजूर झालं.

लोक पायऱ्या उतरून गेले. खाली हॉल घरोघरून आलेल्या हॉटडिशच्या, भाजलेल्या बटाटे-खिम्याच्या, वासाने भरला होता. कोणी व्हर्लिनची पाठ थोपटली नाही, आमच्यात तसं करत नाहीत, पण सेल्मरनी त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवली आणि क्लॅरिसने त्याच्या ताटात तीन वड्या वाढल्या. तिचा रुसवा गेला होता, कारण तो म्हणाला की वड्या आवडायच्याही.

मी टंकयंत्रावर झाकण घालायला कचेरीत आले, तर टेबलाशी लॉइड उभा. टोपी हातात. त्याच्या नेहमीच्या सुरात बोलायचा तो प्रयत्न करत होता, पण सूर लागत नव्हता.

"एक लिहून घ्यायला किती वेळ लागतो?" त्याने विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं. आता माझा स्वभाव तुम्हाला सांगायला नकोच. काउंटीत कोणाच्या चुलीवर काय शिजतंय हे मला पातेलं उतरायच्या आधी कळतं, आणि ज्याने मला दोन महिने झोपू दिलं नव्हतं तो माझ्यासमोर स्वतःच्या पायाने आला होता. कागद यंत्रातच होता. नुसतं "काय नेलंस?" एवढं विचारायचं होतं. माझी बोटं अक्षरशः शिवशिवली.

"कचेरी बंद झाली, लॉइड," मी म्हणाले.

"आत्ताच तर उघडी होती."

"आता बंद झाली. खाली चल, गार होईल. एक सांग, तुझ्या सुनेला म्हणावं बटाटे यंदा छान झालेत."

त्याचे ओठ हलले, बहुतेक आभार मानायला, पण ते त्याला जमत नाही आणि मीही ऐकून घेतले नसते. त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि माझ्यासाठी दार धरलं.

नोव्हेंबरअखेर मी बिस्मार्कला आकडे पाठवले. सगळीकडे शून्य. बहिणीचा फोन आला होता, पण तिला म्हटलं, थांब, हे आधी नीट टंकू दे. लॉइडने काय नेलं होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही. तो विचार आला की अजूनही पोटात दुखतं, आणि तरी मी बरी आहे.